सरळ रेघ

"झुलालनाना, सही करा की! पिंजऱ्यांचा ट्रक दाराशी उभाय," म्हणत रेंजर हितेंद्रसाहेबांनी बिबट्यांच्या गणतीचं पत्रक पुढं सरकवलं.

झुलालनं पत्रक नुसतंच उलटसुलट केलं. बत्तीस वर्षं वनरक्षकाची नोकरी, निवृत्तीला दोन महिने. 'झुलालनं मोजलं म्हणजे झालं,' असं शिरपूरकडची माणसं म्हणायची. त्याच झुलालच्या आकड्यांवरून ठरलं होतं, की डोंगरात बिबटे फार झालेत. सहा पकडून लांब नेऊन सोडायचे.

धुळ्याच्या कॉलेजातून तपासणीला आलेली मयुरी नकाशावर वाकली होती. जंगलात दोन किलोमीटरची सरळ रेघ ठरलेली असते. नाला येवो की काटे, तिच्यावरूनच चालायचं आणि दिसतील ते ठसे लिहायचे, असा गणतीचा नियम.

"नाना, आधी दरसाल सहा-सात ठसे. तीन वर्षांपासून एकदम तीस. काय बदललं हो?"

काय बदललं! गुडघा बदलला होता. पण ते सांगायचं म्हणजे आपल्या हातानं आपलं नाक कापायचं. बाहेर ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. झुलालनं पेन उचललं आणि खाली ठेवलं. पिंजऱ्याचे गज चावून दात मोडलेला बिबट्या त्यानं एकदा पाहिला होता. तो काही केल्या डोळ्यांपुढून हलेना.

"मी रेघवर चालनूच नही, पोरी," तो एकदम बोलला. "गुडघा जाम व्हयी गया ना! तीन साल गाडवाटवर चालनू. बिबट्या बी वाटवरच चालस. एकच जनावर येस-जास, बठ्ठा ठसा तेनाच शेतस."

साहेब खुर्चीतून उठलेच. "नाना, काय बोलताय कळतंय का? चौकशी लागेल!"

"लागू द्या, साहेब. पन ट्रक परत धाडा."

"म्हणजे सगळे ठसे एकाच बिबट्याचे. हे आकडे त्या वाटेचे आहेत, सर," मयुरी हळूच म्हणाली. "डोंगराचे नाहीत. पुन्हा मोजावं लागेल."

रिकामे पिंजरे खडखडत परत गेले. संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर बातमी पोचली. "झुलालनं मोजलं म्हणजे..." कुणीतरी म्हणालं, आणि बाकीचे फिदीफिदी हसले. झुलालनं अर्धा कप चहा तसाच ठेवला. लाज वाटली, फार वाटली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो काठी घेऊन मयुरीबरोबर रेघेवर उभा होता. नाला आला तेव्हा मयुरी म्हणाली, "नाना, वळसा घालून या, मी उतरते." त्यानं मान हलवली आणि बसून, घसरत उतरला. दोन किलोमीटरला साडेतीन तास लागले. गुडघा सुजून टम्म झाला, बाह्या काट्यांनी फाटल्या, आणि ठसा एकही दिसला नाही.

झुलालनं दगडावर बसून पत्रक मांडीवर घेतलं. बिबट्याच्या रकान्यात शून्य काढलं. एरवी सहीला तो नुसतं 'झु' करून मोकळा व्हायचा. आज त्यानं सावकाश पूर्ण नाव लिहिलं: झुलाल तोताराम माळी.