चौथ्या फाटकावरचं माप

थीम पार्कच्या चौथ्या फाटकावर मी अकरा वर्षं उभी आहे. एवढ्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय. माणूस रांगेत उभा राहिला की त्याची अक्कल मागे गाडीतच राहते. तिकीट हातात तयार ठेवा, असा फलक दर दहा पावलांवर लावलाय, पण माझ्यासमोर आल्याशिवाय बायका पर्समध्ये कोपरापर्यंत हात घालत नाहीत आणि पुरुष चारही खिसे चाचपत नाहीत. मग मागची लेकरं रडतात, लेकरांचे बाप माझ्यावर खेकसतात, आणि मी कोणावर खेकसायचं याची सोय पार्कने केलेली नाही.

त्यात महिन्यापूर्वी नवा नियम आला. दलाल मंडळी तिकिटं आधी ढिगाने उचलायची आणि फाटकाबाहेर चढ्या भावाने विकायची, म्हणून आता तिकिटावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळलंच पाहिजे. पूर्वी माणूस तीन सेकंदांत आत जायचा. आता एकेकाला मिनिट लागतं, आणि मशीन रुसलं तर पाच. नाव जुळलं नाही तर ज्याने तिकिटं काढली त्याला पुढे बोलवायचं, बाकीच्यांना पिवळ्या पट्टीमागे उभं करायचं, सगळ्यांची ओळखपत्रं आपल्या हातात घ्यायची आणि त्याला एकेकाचं पूर्ण नाव विचारायचं. घरचा माणूस असेल तर धडाधड सांगेल, दलाल असेल तर अडखळेल. अडखळला की तिकिटं रद्द आणि सगळ्यांची रवानगी तपासणीच्या खोलीत. आमच्या साहेबांची ही युक्ती, आणि साहेबांना तिचा फार अभिमान.

त्या दिवशी शनिवार होता. दहा वाजताच रांग पार वाहनतळापर्यंत गेली होती आणि ऊन डोक्यावर आलं होतं. अशा वेळी सहा जणांचं एक कुटुंब समोर आलं. पुढे म्हातारे काका, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कापडी टेप. हो, माप घ्यायची टेप. मला वाटलं, काढायची विसरले असतील. मागे त्यांची बायको, मुलगा, सून, मुलगी आणि सहा वर्षांची नात, जी आधीच एका पायावर नाचत होती.

काकांचं तिकीट लगेच पास झालं. दुसरं लावलं तर पडद्यावर नाव आलं, थोरला. पुढे आडनाव बरोबर. तिसऱ्यावर सूनबाई. चौथ्यावर धाकटी. पाचव्यावर चिमणी. आणि सहाव्यावर नुसतं, ही.

मी पडद्याकडे पाहिलं, मग काकांकडे. मुलगा मागे हसत सुटला. बाबांनी पहिल्यांदाच स्वतः मोबाइलवर तिकिटं काढली, कोणाला हात लावू दिला नाही, असं तो सांगत होता. घरी हाका मारतात तेच भरून मोकळे झाले. मुलगी तर डोळे पुसत हसत होती. उद्या पहाटे ती नोकरीच्या गावी परत जाणार होती, दीड वर्षाने आली होती, आणि सगळ्यांनी मिळून एक दिवस मजा करायची हा बेत काकांचाच होता. काका पण हसले, पण जरा उशिरा, इतरांकडे बघून.

मला काही हसू आलं नाही. मागे चारशे माणसं होती. काका सोडून सगळ्यांनी पिवळ्या पट्टीमागे व्हा, आणि ओळखपत्रं द्या, असं मी माझ्या नेहमीच्या गोड आवाजात सांगितलं. माझा नेहमीचा गोड आवाज ऐकून लोक दोन पावलं मागे सरकतात.

सगळी ओळखपत्रं गोळा करून काकू खिडकीशी आल्या. ती माझ्या हातात ठेवली, पण हात काढून घेतला नाही.

"ताई, त्यांना नावं विचारू नका," त्या अगदी हळू म्हणाल्या. "नावं राहिली नाहीत त्यांच्यापाशी. मुलांना अजून माहीत नाही."

मी नियम सांगायला तोंड उघडलं. काकूंनी भराभर सांगितलं, कारण त्यांनाही रांग दिसत होती. काका शिंपी. चाळीस वर्षं दुकान चालवलं, दोन वर्षांपूर्वी बंद केलं. पाच महिन्यांपूर्वी आधी जुन्या गिऱ्हाइकांची नावं गेली, मग शेजाऱ्यांची, आणि आता घरातली. माणसं ओळखतात, नाव तेवढं सापडत नाही. थोरला, धाकटी असं पहिल्यापासून म्हणायची सवय, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. सोमवारी डॉक्टरांकडे जायचं ठरलंय. त्यानंतर मुलांना सांगायचंच आहे.

"आजचा एक दिवस सगळ्यांना हसू दे," त्या म्हणाल्या. "इथे, असं सगळ्यांसमोर नको."

मी तापट आहे, पण दगड नाही. नावं काकूंनाच विचारावीत, असं वाटलं. पण वर कॅमेरा, कानात साहेब, आणि नियम असा की तिकीट काढणाऱ्यानेच बोलायचं. तेवढ्यात कानातल्या यंत्रातून साहेबांचा आवाज आलाच. चार नंबरला काय खोळंबलंय? मी म्हटलं, नावांची दुरुस्ती आहे. ते म्हणाले, मग विचारा नावं आणि मोकळं करा, नाहीतर मी खाली येतो.

काका माझ्यासमोर ताठ उभे होते, परीक्षेला बसलेल्या मुलासारखे. त्यांना कळलं होतं की आता नावं विचारणार. त्यांची बोटं टेपच्या टोकाशी चाळा करत होती, टोक गुंडाळायचं, सोडायचं, पुन्हा गुंडाळायचं. पट्टीमागून मुलगा म्हणाला, सांगा ना बाबा, आणि त्याच्या आवाजात नुसती मस्करी होती. त्याला काय माहीत.

मी पडद्याकडे पाहिलं. महिनाभर रोज पाहत होते, पण त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचलं. तिथे नावाबद्दल एक अक्षरही नव्हतं. एवढंच होतं: तिकीट घेणारा या व्यक्तीला ओळखतो, याची खात्री झाली का? खाली दोन चौकोन, हो आणि नाही. नावं विचारायची ही साहेबांनी घातलेली भर.

"काका," मी म्हटलं, "टेप कशाला आणलीत?"

"असते," ते म्हणाले. "नसली की गळा मोकळा वाटतो."

"मग मला मुलाचं माप सांगा."

काकूंनी माझ्याकडे चमकून पाहिलं. काकांची बोटं थांबली. त्यांनी मान वळवून मुलाकडे एकदाच पाहिलं आणि त्यांचा आवाजच बदलला.

"खांदा साडेअठरा. बाही पंचवीस. पण उजवा खांदा अर्धा इंच उतरता. नऊ वर्षांचा असताना झोक्यावरून पडला होता. तयार शर्ट त्याला कधीच नीट बसत नाही, कॉलर डावीकडे ओढते. आत्ता घातलाय तो विकतचा, बघा."

मी बघितलं. मागची निम्मी रांग वाकून बघायला लागली. कॉलर डावीकडे ओढलेली होती. मुलाने ती सरळ करायचा प्रयत्न केला आणि ती पुन्हा तिथेच गेली.

मी टेप मागितली. साहेबांना उद्या काय उत्तर द्यायचं ते उद्या बघू, असं ठरवून फाटकाबाहेर आले आणि मुलाचा खांदा मोजला. शिंपीकाम मला येत नाही, पण आकडे वाचता येतात. साडेअठरा. आत येऊन मी हो दाबलं.

सुनेचं माप त्यांनी तिच्याकडे न बघताच सांगितलं. मुलीचं सांगताना कपाळाला आठ्या पडल्या. कमर मागच्या वेळी अठ्ठावीस होती, आता दोन इंचांनी कमी भरेल, म्हणाले, एकटी राहते, जेवत नाही धड. मुलगी म्हणाली, बाबा, काहीतरीच काय. मी टेप लावली तर सव्वादोन निघाले. तिने मान खाली घातली आणि काकू तिच्याकडे आईच्या नजरेने बघत राहिल्या. म्हणजे आता घरी गेल्यावर तिची खैर नव्हती.

नातीची पाळी आल्यावर ती स्वतःच उंची मोजायच्या खांबाला जाऊन चिकटली. मोठ्या पाळण्यांसाठी किती उंची लागते ते मुलांना पाठ असतं. आजोबा म्हणाले, तीन महिन्यांपूर्वी फ्रॉक शिवला तेव्हा पंचेचाळीस होती, आता सव्वाशेहेचाळीस असेल, टाचा उचलू नकोस. तिने टाचा खाली टेकल्या. खांबावर सव्वाशेहेचाळीस. रांगेतून कोणीतरी टाळी वाजवली. काळा चष्मा लावलेला एक माणूस मघापासून तक्रारवही मागत होता, तो आता पुढे येऊन, माझ्या गळ्याचं माप सांगाल का, असं विचारू लागला. त्याला मी गोड आवाजात जागेवर पाठवलं.

साहेब कानात विचारत होते, झालं का? मी म्हटलं, एकच राहिलंय. ते खरंच होतं. पडद्यावर राहिलं होतं फक्त, ही.

"काकूंचं सांगा," मी म्हटलं. मला वाटलं होतं, हे सगळ्यात सोपं. चाळीस वर्षांचा संसार.

काकांनी काकूंकडे पाहिलं, टेपकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. काकूच हसून म्हणाल्या, अहो, माझं माप तुमच्याकडे असणार कुठून? मी कायम जुनं पोलकं पुढे करायची, याच्यावरून बेता म्हणून. दुकानात गिऱ्हाइकं खोळंबलेली, तिथे माझ्यासाठी कुठे उभे राहता.

"घेतलंच नाही," काका म्हणाले. स्वतःशीच म्हणाले. "हिचं माप कधी घेतलंच नाही."

आणि माझ्या हातातून त्यांनी टेप काढून घेतली.

काकू लाजल्या. पण काकांनी खुणेने त्यांना सरळ उभं केलं आणि कामाला लागले, आणि तो हात मी विसरणार नाही. टेप अंगाला लागली असेल नसेल, इतका हलका. एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत. मानेपासून कमरेपर्यंत. दंडावरून कोपरापर्यंत. प्रत्येक आकडा ते मान न वळवता माझ्या दिशेने टाकत होते, शेजारी कोणी लिहून घेत असल्यासारखे, आणि मी मुकाट्याने एका जुन्या तिकिटामागे लिहीत होते. खांदा साडेतेरा. पाठ चौदा. बाही नऊ. काकू डोळे मिटून उभ्या होत्या.

काकांनी टेप गळ्यात टाकली. कानामागे हात नेला. तिथे पेन्सिल नव्हती. मग नम्रपणे, अगदी सवयीने, काकूंना विचारलं, "नाव काय लिहू, ताई?"

सून आणि मुलगी खो खो हसल्या. नात ओरडली, आजी आहे ती! बाबा आज फॉर्मात आहेत, असं मुलगी म्हणाली. मुलगाही हसला. मग त्याने वडिलांचा चेहरा पाहिला, आणि त्याचं हसू तिथेच थांबलं. त्या चेहऱ्यावर मस्करी नव्हती. माणूस उत्तराची वाट पाहत होता.

काकूंनी डोळे उघडले. त्या दचकल्या नाहीत, रडल्या नाहीत. गिऱ्हाईक सांगतं तसं त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं. आधी स्वतःचं, मग नवऱ्याचं, मग आडनाव, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. काकांनी ते मनातल्या मनात घोळवलं आणि माझ्याकडे वळून पूर्ण नाव मोठ्याने म्हटलं. एकही अक्षर चुकलं नाही.

"छान नाव आहे," ते काकूंना म्हणाले. "कधी हवंय?"

"घाई नाही," काकू म्हणाल्या. "सावकाश द्या."

मुलगा पट्टी ओलांडून पुढे आला. मी त्याला अडवायला हवं होतं, नाही अडवलं. तो आईशेजारी जाऊन उभा राहिला आणि त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली. मग तिच्याकडे पाहिलं. काकूंनी फक्त मान हलवली. सोमवारची गोष्ट शनिवारीच एकाला कळली होती. मुलगी मात्र अजून हसत होती, नातीची टोपी सरळ करत होती. त्या दोघांनी तिला हसू दिलं.

मागून कोणीतरी घसा खाकरला. काका एकदम भानावर आले, फाटकाकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं आणि काकूंवर करवादले. "चल गं, किती वेळ उभी राहतेस? लोक खोळंबलेत." आणि त्यांचा हात धरला.

कानात साहेब शेवटचं विचारत होते, तिकीट काढणारा माणूस त्या बाईला ओळखतो का, हो की नाही?

मी हो दाबलं.