धक्क्यावरची रिंग

मी धक्क्यावरची रिंग बोलतेय. बोटातली नव्हे हो! बुडणाऱ्याकडे फेकायची, नारिंगी-पांढरी, दोर बांधलेली. माझं अख्खं आयुष्य खुंटीवर गेलं. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय, ते मला विचारा.

कारखान्यातून निघताना वाटलं होतं, मोठ्या जहाजावर जाईन. आले कुठे, तर नदीच्या वळणावरच्या या एवढ्याशा गावात! पण गाव गोड आहे. दगडी पूल, जुनी पाणचक्की, समोरच्या बेटावर बगळेच बगळे. सुट्टीच्या दिवशी पाहुण्यांची ही झुंबड! त्यांना बेटावर नेणारे नावाडी काका माझे मालक. धक्क्यावर चहाची टपरी चालवणाऱ्या काकू मालकीणबाई. हुकूम अर्थातच काकूंचा.

पाहुण्यांना बगळ्यांपेक्षा माझंच कौतुक. मला गळ्यात घालायचं, दात काढायचे, की झाला फोटो. एकदा एका हौशी माणसानं मला बेटावर नेलं आणि तिथेच विसरला. बगळ्यांनी माझं काय केलं, ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

काकू भडकल्या. त्यांनी मला घासूनपुसून टपरीच्या दर्शनी फळीला तारेनं करकचून आवळलं. फळीवर, माझ्या वरच्या बाजूला, रंगानं लिहिलं, ‘या, पुन्हा या.’

"अगं, वेळेला सुटायची नाही ती," काका म्हणाले.

"आणि कुणी उचलून नेली, तर वेळेला असेल कुठे? तुम्ही आपली नाव सांभाळा!"

दोघांचंही खरं होतं, हीच तर पंचाईत.

परवा नदीचं पाणी चढलं. गढूळ, आणि ओढ भलतीच. काका शेवटची फेरी घेऊन परतत होते. नाव धक्क्याला लागते न लागते, तोच एक बाई फोटोसाठी उभी राहिली. नाव कलली. काकांनी तिला धक्क्यावर ढकललं आणि स्वतः पाण्यात पडले. तसे ते पट्टीचे पोहणारे, पण पडताना खांदा दगडावर आपटला. एका हातानं त्यांनी नाव बांधायचा खांब कसाबसा धरला. खांब हलत होता.

काकू माझ्याकडे धावल्या. तार ओढली. नखं तुटली, तार सुटेना.

"सूट ना गं मेले!" त्या ओरडल्या. मला काय कमी सुटायचं होतं?

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "मावशी, जरा बाजूला होता का? फोटोत येताय."

काकूंनी पाहिलंसुद्धा नाही. चहाचं पातेलं उतरवायची सांडशी घेतली, तार पिळली. तरी तुटेना. इतक्यात खांब कलंडला आणि काका दिसेनासे झाले.

तेव्हा काकूंनी पाय रोवून फळीच उपटली. माझ्या दोराचं टोक त्या फोटोवाल्याच्या हातात कोंबलं. "धर! सोडलास तर बघ!" आणि मला फळीसकट भिरकावलं.

मी पाण्यावर पडले. आजूबाजूला नुसतं पाणी. एवढी मी कधीच घाबरले नव्हते. आणि मग फळीवर पाच बोटं आली, नेमकी ‘पुन्हा या’वर.

काकांना वर ओढल्यावर काकू त्यांच्या चांगल्या खांद्यावर बुक्क्या मारत रडल्या. "म्हटलं होतं ना, नाव सांभाळा!"

काका खोकत म्हणाले, "आणि मी काय म्हटलं होतं?"

आता मी उघड्या खुंटीवर असते. तार नाही, कुलूप नाही. कुणीही सहज उचलावं अशी. तेव्हा पाहुण्यांनो, या. मला गळ्यात घाला, दातही काढा. पण मला परत जागेवर ठेवा हो. कुणी मला उचललं, की चहा ओतणाऱ्या काकूंचा हात थांबतो. मी खुंटीवर परत येईपर्यंत तो कप भरत नाही.