नेमाण्णांचा घाणा

पाखरवाडीच्या माळावर वर्षातून एकदा मोटारींच्या शर्यती व्हायच्या, आणि तो माळ ज्यांच्या मालकीचा, ते नेमिनाथ मगदूम शर्यतीकडं पाठ करून बसायचे. लिंबाखाली खुर्ची टाकायची, तोंड कुंडलच्या डोंगराकडं करायचं आणि मागून गाड्या कोकलत गेल्या की काय हा ताप म्हणून उसासा सोडायचा. गावात त्यांना सगळे नेमाण्णा म्हणत. गेली दहा-बारा वर्षं अण्णा हा ताप सोसत होते आणि गावाला त्यांची कीव यायची.

मुळात हे खूळ आणलं लालासाहेबांनी. ते मिलिटरीत गाड्या दुरुस्त करायचे. हवालदार होऊन पेन्शनवर आले आणि रस्त्याकडेला गॅरेज टाकून बसले. त्याच सुमाराला बैलगाडी शर्यतींवर बंदी आली आणि माणसांच्या अंगातली रग जिरवायची जागाच गेली. सगळे पारावर बसून एकमेकांच्या खोड्या काढू लागले. तेव्हा लालासाहेब आपल्या या बालमित्राकडं आले आणि म्हणाले, तुझा माळ नुसता पडलाय, कुसळांशिवाय त्यात काही उगवत नाही, तिथं जुन्या मोटारी पळवू. नेमाण्णा जैन माणूस. बैलांच्या शर्यतीला ते कधी उभेसुद्धा राहिले नव्हते. चाबकाचा आवाज त्यांना सोसायचा नाही. लालासाहेबांनी नेमका तिथंच हात घातला.

"नेमाण्णा, इंजनाला चाबूक लागत न्हाई," ते म्हणाले.

अण्णांनी होकार दिला, पण अटी घालून. पावसाळ्याचे चार महिने माळावर चाक फिरवायचं नाही, ओल्या जमिनीत किडामुंगी असते. आणि शर्यत दिवस मावळायच्या आत संपली पाहिजे, कारण अण्णा दिवस मावळायच्या आत जेवतात. अण्णांच्या जेवणाचा शर्यतीशी काय संबंध, हे मात्र कुणी विचारलं नाही. शेवटची गाडी जाईपर्यंत तिथं बसून राहायची त्यांच्यावर काही सक्ती नव्हती.

माळाच्या मधोमध म्हसोबाचा शेंदरी दगड होता. तो हलवायचा प्रश्नच नव्हता, म्हणून त्याच्याभोवती पपईच्या आकाराचा लांबट गोल आखला आणि कडेनं उसाच्या ट्रॉल्यांचे जुने टायर रचले. देवाभोवती फिरायचं म्हणजे देव उजव्या हाताला ठेवायचा, हे आपल्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. त्यामुळं गाड्या आपोआप प्रदक्षिणा घातल्यासारख्या पळू लागल्या. पुढं कोल्हापूरहून एक नावाजलेला गडी आला. त्यानं सांगितलं की जगभर अशा मैदानावर गाड्या डावीकडं वळतात, तुमचं सगळं उलटं आहे. लालासाहेबांनी त्याला चहा पाजला आणि तसं जगालाही कळवायला सांगितलं. तो पठ्ठ्या पहिल्याच वळणाला सवयीनं डावीकडं गेला आणि थेट शेजारच्या शाळवाच्या पिकात घुसला.

हळूहळू औंधपासून पार खंडाळ्यापर्यंतची माणसं येऊ लागली. कुणाची मारुती, कुणाची फियाट, एक म्हातारी अँबॅसिडर, आणि सकाळी दूध घालून तशीच शर्यतीला उभी राहणारी एक ओम्नी. पहिल्याच वर्षी गोल गोल फिरणाऱ्या त्या गाड्या बघून अण्णा कुचकटपणानं म्हणाले होते, ही शर्यत नव्हे, हा उसाचा घाणा आहे. झालं, लोकांनी तेच नाव उचललं. पुढच्या वर्षी चौकात ‘भव्य घाणा केसरी’ असा फ्लेक्स लागला. अण्णांनी नावं ठेवायला म्हणून तोंड उघडलं आणि बारसं करून बसले. पुढं बैलांच्या शर्यतींवरची बंदी उठली, बैल पुन्हा पळू लागले, तरी घाणा काही थांबला नाही.

दरवर्षी परवानगीचा सोहळा मात्र नव्यानं व्हायचा. दिवाळी सरली की लालासाहेब मगदुमांच्या घरी पुढच्या सोप्यात येऊन बसत. अण्णा नाही म्हणत. धुरळा, आवाज, गर्दी, सगळं उगाळून उगाळून ऐकवत. लालासाहेब भाजलेल्या शेंगा खात मान डोलवत, चहा घेत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर होत. मग बोलण्याची गाडी शर्यतीवरून मिलिटरीवर, मिलिटरीवरून शाळेतल्या गुरुजींच्या छडीवर आणि तिथून कुठल्या कुठं जाई. आठवडाभर असं चालायचं. शेवटी अण्णा कपाळाला हात लावून म्हणत, कर बाबा तुला काय करायचं ते. अण्णांची बायको राजमती स्वयंपाकघरातून सगळं ऐकत असे आणि पदर तोंडाला लावून हसत असे.

यंदा उपसा योजनेचं पाणी माळाच्या कडेपर्यंत आलं. अण्णांचा मुलगा आर्जव शेती बघायचा. गुणी पोरगा. माळ नांगरून ऊस लावायचा, असं त्यानं ठरवलं. उसाचा आनंद होताच, पण त्याहून मोठं समाधान त्याला वेगळंच होतं: अण्णांचा ताप एकदाचा संपणार होता. तो आपणहून गॅरेजवर गेला आणि हात जोडून लालासाहेबांना म्हणाला, अण्णांनी इतकी वर्षं तुमच्या शब्दाखातर सोसलं, आता त्यांचं वय झालं. लालासाहेब ओशाळले. आपणच हट्टी, आपल्यालाच कळायला हवं होतं, असं म्हणून त्यांनी माळ सोडून दिला.

त्यामुळं दिवाळी आली आणि गेली, पण सोप्यात कुणी आलं नाही.

अण्णांनी पहिल्या दिवशी शेंगा भाजून घेतल्या. दुसऱ्या दिवशीही घेतल्या आणि एकट्यानंच खाल्ल्या. मग त्यांनी स्वतःच्या सायकलची हवा सोडली, ती ढकलत गॅरेजवर नेली आणि पंक्चर आहे म्हणून सांगितलं. लालासाहेबांनी ट्यूब पाण्यात बुडवून पाहिली. पंक्चर सापडेना. मुकाट्यानं हवा भरून दिली आणि खाली बघतच म्हणाले, तुला लई तरास दिला, आता सुटलास. खरं काय ते अण्णांच्या जिभेवर आलं होतं. पण एवढी वर्षं जे तोंडानं वाजवलं, ते गिळायचं कसं? व्हय, सुटलो, असं म्हणून ते घरी आले आणि ताटावरून अर्धपोटीच उठले.

राजमती म्हणाली, "आवं, तोंड दिलंय न्हवं देवानं? मग सांगा की त्यास्नी."

माळ गेला की घाणा जाणार, एवढंच अण्णांचं दुःख नव्हतं. घाणा गेला की लालासाहेब कशाला यायचा, या विचारानं त्यांचा जीव कासावीस होत होता. आणि हे मुलाला सांगायचं तर आजवरचं सगळं कुरकुरणं नाटक ठरत होतं.

नांगरटीच्या दिवशी सकाळी आर्जवनं टायर बाजूला ओढले आणि ट्रॅक्टर माळावर आणला. बघायला निम्मं गाव जमलं. लालासाहेबही आले, पण सगळ्यांच्या मागं उभे राहिले. आर्जवनं नारळ फोडला आणि नांगराचं पहिलं तास वडलांच्या हातानं पडावं म्हणून त्यांना ट्रॅक्टरवर बसवलं.

अण्णा निघाले. नांगर वरच राहिला. ट्रॅक्टर घाण्याच्या वाटेला लागला आणि म्हसोबाभोवती एक फेरी झाली. देवाला प्रदक्षिणा घालतायत, असं समजून लोकांनी हात जोडले. दुसरी फेरी सुरू झाली तेव्हा जोडलेले हात खाली आले. तिसऱ्या फेरीला अण्णांनी गिअर बदलला, टोपी उडाली, धुरळा उठला आणि मागून कुणीतरी शिट्टी मारली. वळणावर त्यांचं तोंड लोकांना समोरून दिसलं. अण्णा हसत होते, अगदी दात दिसेपर्यंत.

शेवटी त्यांनी ट्रॅक्टर लालासाहेबांच्या समोर आणून बंद केला. आर्जव धापा टाकत आला आणि म्हणाला, नांगर खाली सोडायचा राहिला.

"ऱ्हायला न्हाई, मी सोडला न्हाई," अण्णा म्हणाले. "खालच्या रानात ऊस लाव, वरच्या रानात लाव. घाण्याला हात लावू नगंस. मला आवडतं रं हे सगळं."

आर्जव चिडला. चिडणारच. आवडत होतं तर एवढी वर्षं नावं कशाला ठेवलीत, असं त्यानं सगळ्यांदेखत विचारलं. अण्णांनी लालासाहेबांकडं बोट दाखवलं.

"पैल्याच दिवशी व्हय म्हनलो असतो, तर हा चा पिऊन गेला असता. न्हाई म्हनलो म्हनून आठ-आठ दिस येऊन बसायचा."

लालासाहेब पुढं आले. "मला वाटलं, मी तुला तरास देतोय," ते म्हणाले.

"देत हुतास की," अण्णा म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. "पर यंदा तो कुनी दिला न्हाई, तर घर खायला उठलं मला."

लालासाहेब मडगार्डावर चढून अण्णांच्या शेजारी बसले. आर्जव मागं गेला आणि कुणी न सांगता नांगर सोडवायला त्याची पिन काढू लागला.