आणि पार्टी

संघपाल हातगाडीवर टमाट्याचं कॅरेट रिकामं करत होते, तेवढ्यात मनकर्णाबाईंनी पिशवीतून कोरा कागद काढून त्यांच्यापुढे धरला.

"आपल्या गान्याच्या पार्टीत कोन कोन होतं, सगळ्याईची नावं लिवून द्या भाऊ. खाली तुमची सही."

भीमजयंतीचे दोन्ही एप्रिल कोरोनाच्या बंदीत गेले होते. दर्यापुरात भीमगीतांचा एकही कार्यक्रम झाला नव्हता. गायक संघपाल भाजी विकू लागले. त्यांच्या मागे बसून बावीस वर्षं कोरस गाणाऱ्या मनकर्णाबाई शेतात निंदणाला जाऊ लागल्या. आता एक संस्था कलाकारांना मदत देणार होती, पण पुरावा हवा होता. पोस्टरं होती. त्यांवर संघपालांचा फोटो, नाव आणि पुढं फक्त 'आणि पार्टी'.

संघपालांनी चष्मा लावला. 'ढोलकी' लिहून पेन थांबला.

"आपल्या पयलवानाचं खरं नाव काय हो, बाई?"

"देवमन खंडारे. तेल्हाऱ्याचा."

"आन बँजो?"

"सागर इंगळे."

आता ते पुढचं नाव उत्सुकतेनं विचारू लागले, जणू ही माणसं आज पहिल्यांदाच भेटत होती. कोरसमधली वच्छला तायडे. टाळ वाजवणारा स्वप्निल सरदार.

"स्वप्निल तं मे महिन्यात गेला. त्याचं काहून लिवू?"

"लिवा. घरी शालू हाये, दोन लेकरं हायेत."

त्यांनी लिहिलं. मग हळूच म्हणाले, "बावीस वर्सं एका जीपमंदी फिरलो. मले हे काहून माईत नाई?"

"तुमी ड्रायव्हरपाशी बसत होते. आमी मांगं."

संघपालांनी खाली सही केली.

बसस्टँडजवळच्या दुकानातून संस्थेला कागद पाठवायच्या आधी मनकर्णाबाईंनी नावांवरून बोट फिरवलं. देवमन, सागर, वच्छला, स्वप्निल. पुन्हा एकदा फिरवलं. मग त्या माघारी वळल्या.

संघपाल एका गिऱ्हाइकाला टमाटे तोलून देत होते.

"काय राह्यलं, बाई?"

"एक नाव."

"कोनाचं?" विचारता विचारताच ते थबकले. त्यांनी खिशातला पेन काढला. "सांगा. लिवतो."

"द्या इकडं. मीच लिवतो."

पेन घेऊन, चार टमाटे बाजूला सारून मनकर्णाबाईंनी फळीवर कागद ठेवला. सहीच्या वर थोडी जागा होती, तिथं त्यांनी आपलं नाव लिहिलं. गिऱ्हाईक तराजूकडं पाहत ताटकळलं होतं, आणि संघपाल वाकून त्यांचं आडनाव वाचत होते.