दोनशेच्या पुढचे खिळे

खाणीचं छत कोसळून चैतराम मेला, त्याच्या पाचव्या दिवशी अपघाताच्या अहवालाची प्रत साधनाच्या टेबलावर आली. 'छत हलले नव्हते. मयताने स्वतःच टेकू काढला.' वाचता वाचता तिचं डोकं तापलं. चैतराम तिच्या बापाचा, डोमाजीचा, अठरा वर्षांचा जोडीदार. टेकूला कोणी नुसतं टेकून उभं राह्यलं तरी आईबहीण काढणारा माणूस तो!

देवटेकच्या मँगनीज खाणीचं सर्वे ऑफिस बालाघाटात होतं आणि साधना तिथे आकडेमोडीला होती. खाणीच्या छतात जागोजागी खिळे ठोकलेले. दर आठवड्याला त्यांची उंची मोजून आकडे नागपूरच्या कॉम्प्युटर सेंटरला जात. तिथे ताज्या उंचीतून मागची उंची वजा होई आणि कुठला खिळा खाली उतरला ते छापून येई. तो प्रोग्राम तिच्या वरिष्ठाने, हिरालालने लिहिलेला. पहिला खिळा घे, वजा कर, तपास. मग दुसरा घे. असं गोल गोल फिरत राहा.

वर्षापूर्वी साधना त्याच सेंटरात कॉम्प्युटरची नवी भाषा शिकून आली होती. तिच्यात एकेक खिळा उचलावाच लागत नसे. अख्ख्या यादीतून अख्खी यादी वजा, एका ओळीत. यादी दहाची असो की हजाराची, मोजून सांगायची गरज नाही. त्या भाषेत तिने तोच प्रोग्राम चार ओळींत लिहिला आणि तो कागद हिरालालपुढे ठेवला तेव्हा तो हसला होता.

"चार लाइन का प्रोग्राम? साहेबाले काय चिठ्ठी दाखवू? माझा बावीस पानांचा आहे, बाई!"

तिने कागद खणात टाकला आणि गप्प बसली होती.

आज तिने कपाटातून हिरालालची बावीस पानं ओढून काढली. सहाव्या पानावर सापडलं. फेरी एकपासून दोनशेपर्यंत. खाण पुढे सरकली, खिळे दोनशेचाळीस झाले, पण तो दोनशेचा आकडा कोणी बदललाच नव्हता. पुढच्या चाळीस खिळ्यांची उंची दर आठवड्याला मोजली जाई, आणि मशीन त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नसे. चैतराम मेला तो दोनशे सतराव्या खिळ्याखाली.

तिने सहा आठवड्यांचे आकडे पिशवीत घातले, रजा न टाकता नागपूर गाठलं आणि आपल्या चार ओळी चालवून आणल्या. दोनशे सतरावा खिळा सहा आठवड्यांत एकतीस मिलिमीटर उतरला होता.

अपघाताच्या चौकशीच्या दिवशी तिने ते पान चौकशी अधिकाऱ्यापुढे ठेवलं.

"ये ऑफिस का कागज नहीं है, साहब," हिरालाल उठला.

"आकडे ऑफिसचेच आहेत. तुमच्याच सहीचे." साधनाने आवाज चढवला. "छत हललं नाही म्हणता? तुम्ही पाह्यलंच नाही! दोनशेवर थांबले तुम्ही. आणि मेलेल्या माणसाच्या माथी मारलं!"

अधिकाऱ्याने तिचं पान आणि अहवाल शेजारी ठेवून ताडून पाहिले. टेकूची ओळ त्याने स्वतःच्या हाताने खोडली. हिरालालला ताकीद मिळाली. साधनाला विनारजा गैरहजेरीची नोटीस मिळाली.

संध्याकाळी ती चैतरामच्या बायकोकडे, रुख्माबाईकडे गेली. डोमाजी आधीच तिथे ओसरीवर बसलेला. साधनाने सगळं सांगितलं. चैतरामचं नाव धुतलं गेलं, हेही सांगितलं. रुख्माबाईच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"तुह्या त्या चार ओळी कधीच्या लिहेल होत्या?"

"मागच्या वर्षीच्या."

"मंग तवाच काहून नाही भांडली? आता भांडून राह्यली! मले त्याचं नाव नाही पाहिजे, पोरी. मले तो पाहिजे होता."

डोमाजी मध्ये बोलायला गेला. "बोलू द्या बाबा," साधना म्हणाली, "खरं आहे त्याहीचं."

सोमवारी खाणीवरून नवे आकडे आले. दोनशेच्या पुढचे खिळे साधनाने हातानेच वजा करून पाहिले. दोनशे एकतिसावा खिळा नऊ मिलिमीटर उतरला होता. हिरालाल म्हणाला, साहेब जबलपूरहून परवा येतील, तेव्हा पाहू. साधनाने फोन उचलला, खाणीवरचा मुकादम नथ्थू लाइनवर येईपर्यंत तो सोडला नाही, आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "दोनशे एकतीसच्या खालून माणसं काढा. आत्ताच्या आत्ता. हौ, मीच सांगून राह्यली. माझं नाव लिहून घ्या."