सरासरी हाताचा माउस

"मानवजातीचा खरा इतिहास हा अंगठ्याचा इतिहास आहे," साहेबांनी जाहीर केलं. "अंगठा नसता तर हत्यार नसतं, लेखणी नसती, संस्कृती नसती!"

हे बोलताना त्यांचा स्वतःचा अंगठा मिठाच्या कोमट पाण्यात भिजत पडला होता आणि ते पातेलं त्यांच्या बायकोला हवं होतं.

"संस्कृती शेकून झाली असेल तर पातेलं द्या," ती म्हणाली. "दूध तापवायचंय."

साहेब एका मोठ्या खात्यात खरेदी अधिकारी होते. निवृत्त झाल्यावर खुर्ची खात्यात राहिली, पण 'साहेब' हे नाव घरी आलं आणि कायमचं मुक्कामाला राहिलं. अंगठा दुखावला होता तो मात्र खात्याच्या कामाने नव्हे, खेळाने. त्याला कारण त्यांची नात.

मुलगी आणि जावई बदलीच्या गावी गेले तेव्हापासून नात फक्त फोनवर भेटायची. "काय करतेस?" "काही नाही." "अभ्यास?" "झाला." "आजीला देऊ?" "द्या." एवढ्यात आजोबापण संपायचं. मग एकदा नातीच्या टोळीत एक गडी कमी पडला आणि तिने साहेबांना कॉम्प्युटरवरच्या खेळात ओढलं. चौघांनी मिळून एका पडक्या शहरात शिरायचं आणि लोखंडी रोबो टिपायचे. नात, तिचे शाळेतले दोन सवंगडी आणि चौथे साहेब. आता रोज संध्याकाळी कानाला हेडफोन लावला की नात थांबायचीच नाही. "आजोबा, डावीकडे! आजोबा, वाका! आजोबा, ती मी आहे, मला काय मारताय!" साहेबांशी इतकं सलग त्या घरात आजवर कुणीच बोललं नव्हतं, आणि ज्यांनी प्रयत्न केला होता त्यांना साहेबांनी मध्येच थांबवलं होतं.

अडचण होती माउसची. कॉम्प्युटरबरोबर आलेला तो माउस झिजलेल्या साबणाच्या वडीएवढा, आणि साहेबांचा पंजा सुपाएवढा. खेळ रंगात आला की बोटांची मुटकुळी व्हायची, अंगठ्यात गोळा यायचा आणि ऐन वेळी साहेब भिंतीवर गोळ्या झाडायचे.

"आजोबा, शनिवारी स्पर्धा आहे," नातीने सांगितलं. "दुकानात जा, गेमिंग माउस बघा, हात ठेवा आणि आरामात बसेल तो घ्या. हात असाच आखडत राहिला तर मला तुमच्या जागी दुसरं कुणीतरी बघावं लागेल हं."

शेवटचं वाक्य ती अगदी सहज बोलली. साहेबांना मात्र जेवण गेलं नाही.

काम तसं सोपं होतं. दुसरा कुणी असता तर भाजी आणायला गेला असता आणि येताना माउस घेऊन आला असता. पण ज्याला वस्तू हवी आहे त्यानेच जाऊन ती पसंत करायची, ही खरेदी अधिकाऱ्याच्या दृष्टीने निव्वळ बेबंदशाही. साहेबांनी उभ्या नोकरीत एकाही जिवंत माणसासाठी काही विकत घेतलं नव्हतं. ते घेत ते 'सरासरी कर्मचाऱ्या'साठी. या कर्मचाऱ्याला कुणी पाहिलेलं नव्हतं, पण खात्यातली प्रत्येक खुर्ची त्याच्या मापाची होती. त्या खुर्च्यांवर टंकलेखिकेचे पाय लोंबकळत आणि रखवालदाराचे गुडघे हनुवटीला लागत. तक्रारी यायच्या. साहेबांचा शेरा ठरलेला : 'सवय होईल.' मात्र वशिलेबाजी झाली असं म्हणायची कुणाची छाती नव्हती, कारण सगळे सारखेच अवघडलेले असत.

तेव्हा साहेबांनी समिती नेमली. अध्यक्ष ते स्वतः. सदस्य म्हणून शेजारचे लेखापाल, जे त्याच खात्यातून निवृत्त झाले होते आणि ज्यांनी साहेबांच्या प्रत्येक खरेदीवर हरकत घेण्यात आयुष्य सत्कारणी लावलं होतं. समितीत तिसरा माणूस लागतो म्हणून बायको.

"माउस तुम्हाला हवा ना?" बायकोने विचारलं. "मग माझा हात कशाला मोजताय?"

"अगं, घरातली वस्तू म्हणजे सगळ्यांची. एकट्याच्या हातासाठी घेतली तर उद्या लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, यांनी माउस घेतला."

"माझी हरकत आहे," लेखापाल म्हणाले. कशाला, ते त्यांनी सांगितलं नाही. हात मात्र पुढे केला.

मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत लांबी आणि बोटांच्या मुळाशी रुंदी, असं रीतसर माप घेतलं गेलं. साहेबांचा पंजा सुपाएवढा, लेखापालांचा शाळकरी पोरीएवढा आणि बायकोचा दोन्हींच्या मधला. तिन्ही मापांची बेरीज करून भागाकार झाला. साहेबांनी बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला आणि त्या सरासरीचा एक हात कापून काढला. सुबक झाला होता. टेबलावर ठेवला तर कुणीतरी विसरून गेल्यासारखा दिसत होता.

मग प्रश्न आला धरण्याचा. नातीने सांगून ठेवलं होतं की माउस धरायच्या तीन तऱ्हा असतात. कुणी अख्खा तळवा त्यावर टेकवतं, कुणी बोटं वाकवून नख्या रोवल्यासारखा धरतं, तर कुणी नुसत्या बोटांच्या टोकांनी फिरवतं, तळवा अधांतरीच. साहेब पहिल्या जातीचे. लेखापाल दुसऱ्या. ते हातात आलेली कुठलीही वस्तू कुणीतरी हिसकावणार अशा बेताने धरत. बायको तिसऱ्या.

"याची सरासरी निघत नाही," लेखापाल आनंदाने म्हणाले.

"मतदान घेऊ. पण स्वतःच्या हाताला कुणी मत द्यायचं नाही. हितसंबंध."

लेखापालांनी साहेबांच्या हाताला मत देणं शक्य नव्हतं. साहेबांनी लेखापालांच्या हाताला द्यावं, तर त्यापेक्षा त्यांनी स्वतःचा हात तोडून दिला असता. तेव्हा दोन्ही मतं बायकोच्या हाताला पडली. बायकोचं मत नोंदवायचं राहिलं, कारण ती बोलता बोलता एकाएकी उठली, आत गेली आणि गॅस बंद करून आली. दूध पातेल्याच्या काठाशी येऊन थबकलं होतं. त्या घरात दूध उतू गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"अहो, तुमच्या हाताचं काय झालं या सगळ्यात?" तिने विचारलं.

"निर्णय एकमताने झालाय," साहेब म्हणाले.

दुकानात गळ्यात हेडफोन अडकवलेली एक मुलगी होती. तिने काचेवर ओळीने माउस मांडले. उंच पाठीचे, चपटे, अंगठ्याला खाच असलेले.

"काका, हात ठेवून बघा ना."

"नाही," साहेब मागे सरकले. "नमुना हाताळला की मन वळतं. मी मोहात पडायला आलो नाही, खरेदीला आलोय." आणि त्यांनी पिशवीतून पुठ्ठ्याचा हात काढला.

मुलीने हाताकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

"हा कुणाचा?"

"सरासरीचा."

"त्या कुठे राहतात?"

साहेबांनी पिशवी काखोटीला मारली. एकेका माउसवर तो हात ठेवून त्यांनी मान तिरकी करून पाहिलं. पुठ्ठ्याच्या हाताने कशाचीच तक्रार केली नाही. साहेबांना हात आवडला. असे कर्मचारी खात्यात असते तर!

"काका, खरं सांगू? तुमच्या पंजाला हा उंच पाठीचा बसेल," मुलीने एक माउस पुढे सरकवला. "अख्खा तळवा टेकेल. एकदा धरून तरी बघा."

साहेबांनी पाहिलं. माउस खरोखरच देखणा होता, झोपलेल्या मांजरासारखा गुबगुबीत. हात आपोआप पुढे गेला, बोटं उघडली, आणि ऐन वेळी साहेबांना खातं आठवलं. ते पाय आपटत काऊंटरच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि पुठ्ठ्याच्या हाताला जुळला तो चपटा, हलका, बोटांच्या टोकांनी फिरवायचा माउस घेऊन घरी आले.

घरी आल्यावर व्हायचं तेच झालं. साहेबांचा तळवा माउसवर टेकेना, बोटं पुढे टेबलावर सांडू लागली आणि अंगठा बाजूच्या बटणावर जाऊन बसला. ते बटण होतं बॉम्ब टाकायचं.

"आजोबा! स्वतःच्या पायाशी काय टाकताय?" नात ओरडली. "आपले चौघे गेले ना!"

"सवय होईल," साहेब म्हणाले. आणि हे वाक्य ऐकणाऱ्याला कसं लागतं, ते त्यांना नोकरी संपल्यावर पहिल्यांदाच कळलं. टंकलेखिकेचे लोंबकळणारे पाय डोळ्यांपुढे आले. त्यांनी ते घाईघाईने दूर सारले.

शुक्रवारी संध्याकाळी अंगठा पुन्हा आखडला. साहेब खेळ तसाच टाकून, हात चोळत, पाणी गरम करायला आत गेले. बायको टेबल पुसायला आली. फडकं एका हातात, म्हणून दुसऱ्या हाताने तिने माउस उचलून बाजूला ठेवायला धरला. तो असा बसला, जणू तिथेच वाढला होता. पडद्यावर एक लोखंडी रोबो भिंतीआडून डोकावला. तिने दुधाकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं आणि तो उतू जायच्या आत बंद केला. मागून दुसरा आला. तोही बंद.

टेबलावर पडलेल्या हेडफोनमधून चित्कार ऐकू आले. तिने तो कानाला लावला.

"आजोबा! कसला नेम! माउस बसला वाटतं हाताला!"

"मी आहे गं," बायको म्हणाली. "ते अंगठा शेकतायत."

मग पलीकडून अगदी हळू आवाजात, "आजी, उद्या संध्याकाळी तुला काही काम आहे का?"

साहेब दारात उभे होते, हातात पातेलं घेऊन. त्यांना नातीचं बोलणं ऐकू आलं नाही, पण बायकोने मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं आणि तेवढ्याने कळायचं ते कळलं.

"मी नाही म्हणते तिला," बायको म्हणाली. "तुमचा खेळ आहे. उद्या सकाळी जा आणि तुमच्या हाताचा माउस घेऊन या. दुकानातल्या मुलीने सांगितला होता म्हणालात ना एक?"

साहेबांनी पातेलं टेबलावर ठेवलं. जायला हरकत नव्हती. पण दुसरा माउस आणायचा म्हणजे पहिली खरेदी चुकली हे कबूल करायचं, आणि तेही लेखापाल भिंतीपलीकडे कान देऊन बसलेले असताना.

"खरेदी योग्यच झाली आहे," ते शेवटी म्हणाले. "तू खेळ."

शनिवारी लेखापाल आपली खुर्ची घेऊन बघायला आले. "माझी हरकत आहे," येताच म्हणाले आणि पुढची जागा पकडली. साहेब बायकोच्या मागे उभे राहिले. खात्यात मोठे अधिकारी पाहणीला आले की खालचे उभे राहायचे, तसे. नातीचा आवाज आज स्पीकरवर होता. "आजी, डावीकडे! आजी, वाक! वा, आजी!" प्रत्येक 'आजी' साहेब मनातल्या मनात सुधारून घेत होते.

शेवटची फेरी आली. एकच रोबो उरला होता, पण बायको अडखळू लागली. साहेब पुढे झुकले. उजव्या पंजाची बोटं आपोआप उघडली. आता तरी?

"आजोबा!" नात ओरडली. "आजोबा, आहात ना तिथे?"

साहेबांनी घसा साफ केला. छाती फुगली. लेखापालांकडे एकवार पाहून घेतलं.

"आहे! बोल, बाळा!"

"आजीचा चष्मा घसरतोय. तेवढा जरा वर सरकवा ना."