घर रिकामंच होतं

आर्डिसबाईंचं पत्र येऊन चार महिने झाले आणि मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र छोटं होतं, दीड पानाचं. मोठ्या पत्राला उत्तर देणं मला सोपं जातं, इकडचं तिकडचं लिहून पान भरता येतं. या पत्रात मात्र एकच प्रश्न होता.

"कमरेचं हाड नीट बसलं आहे," त्यांनी लिहिलं होतं. "डॉक्टर प्रवासाला हो म्हणतात. आर्मिहोस अर्धं भाडं घेऊन माझं सामान सांभाळतो आहे, कार्निव्हलपर्यंत थांबेन म्हणतो. पण आधी मला सांगा, माझ्याआधी त्या घरात कोण राहत होतं? पूर्वी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, घर रिकामंच होतं. आता पुन्हा विचारते आहे. तुमचं उत्तर येईपर्यंत मी त्याला काही कळवणार नाही."

सात वर्षांपूर्वी त्या आमच्या डोंगरातल्या सान बर्नाबे गावात बसमधून उतरल्या. मिनेसोटातल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात त्यांनी तीस वर्षं काढली होती. तिथे त्यांच्या पेन्शनीत खोलीचं भाडं किंवा औषधं, यांपैकी एकच काहीतरी भागत असे. इथे दोन्ही भागेल असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. गावात इंग्रजी येणारा मी एकटा. येणारा म्हणजे वाचता येणारा. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, पण बोलायची वेळ आली की शब्द घशात अडकतात. तरी घरमालक आर्मिहोस मला दुभाषा म्हणून घेऊन गेला.

घरात त्या वेळी कुणी नव्हतं. तिथली भाडेकरू एर्मेलिंडा आणि तिची मुलगी बाजाराला गेल्या होत्या. भिंतीवरचा संत, चुलीवरचं पातेलं, दोन खाटा हे सगळं पाहून बाईंना वाटलं, घर सामानासकट मिळतं आहे.

"मास्तर, सांगा त्यांना," आर्मिहोस म्हणाला, "तीनशे डॉलर."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. एर्मेलिंडा ऐंशी देत होती.

"असे काय बघता? त्यांनी शंभर म्हणायचं, मी छाती बडवायची, मग दीडशेवर हात मिळवायचे. बोलणं कुठून तरी सुरू करायला नको?"

मी तीनशे सांगितले. बाईंचे डोळे भरून आले. त्या म्हणाल्या, "हो."

आर्मिहोस हात पुढे करायचंच विसरला. "हो म्हणाल्या?" त्याने मला हळूच विचारलं. "त्यांना बरंबिरं नाही का?"

'निम्मे म्हणा,' एवढे दोनच शब्द मला बोलायचे होते. मी बोललो नाही. दुभाष्याने आपलं वाक्य मध्ये घालू नये, असं मी मनाशी म्हटलं. माझ्यासारख्या पुस्तकी माणसाला भित्रेपणासाठी नियम फार पटकन सापडतात.

आठवड्याने बाई सामान घेऊन आल्या तेव्हा घर मोकळं होतं, भिंतींना ताजा चुना. "ते सगळं कुठे गेलं? इथे कुणी राहत होतं का?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "घर रिकामंच होतं. सामान आर्मिहोसचं होतं." एर्मेलिंडा तोवर वरच्या उतारावर पत्र्याच्या खोलीत गेली होती, तिथून गावात यायला पाऊण तास लागतो.

वर्षभरात गावातला प्रत्येक घरमालक तीनशेपासून बोलायला लागला. आणखी दहा परदेशी आले, सगळेच हो म्हणाले. सुतारांना, गवंड्यांना काम मिळालं, हेही खरं. पण नवीन लग्न झालेल्या पोरांना खाली घर मिळेना.

आणि पाट गाळाने भरू लागला. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आमच्याकडे पाटाची मिंगा, म्हणजे सगळ्या गावाचं श्रमदान, असते. घरटी एक माणूस फावडं घेऊन येतो, प्रत्येकाला आठ पावलांचा तुकडा नेमून दिलेला. जो येत नाही तो दंड भरतो. परदेशी लोकांना तो पाण्याचा करच वाटला. ते हसतमुखाने भरून मोकळे व्हायचे. मी पाणी-मंडळाचा चिटणीस. मंडळाची पेटी भरत होती आणि खालच्या शेतांना पाणी पोचत नव्हतं.

पाणी का पोचत नाही, हे बाईंनी एकदा विचारलं आणि तेवढं मी सांगितलं. पुढच्या शनिवारी त्या भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून पाटावर हजर. वय एकोणसत्तर.

"अरे बघा, साहेबीण गाळ काढायला आली!" कुणीतरी ओरडलं.

"बाई, सूप ढवळायचं काम नाही हे!"

बाईंना निम्मं कळलं असेल, पण त्या लाल झाल्या. एर्मेलिंडा पुढे आली. त्यांच्या हातातलं बागेतलं खुरपं काढून घेतलं आणि आपलं फावडं दिलं. "कमरेतून नाही," ती स्वतः वाकून दाखवत म्हणाली, "गुडघ्यातून. हां. आता टाक."

शेवटचा माणूस वर आल्याशिवाय आमच्यात कुणी जेवणाची पोटली उघडत नाही. त्या दिवशी सगळं गाव मक्याच्या पोटल्या मांडीवर ठेवून तासभर बाईंची वाट बघत बसलं. त्यांनी आठ पावलं पुरी केली. साडेसात नाही, आठ. नंतर त्या इतर परदेशी लोकांच्या दारोदार गेल्या. तिथे काय बोलल्या ते मला माहीत नाही, पण तिसऱ्या महिन्यात अकरांपैकी सहा जण पाटात उतरलेले होते. मी चाळीस वर्षं मुलांना नागरिकशास्त्र शिकवलं. एवढं मला कधी जमलं नाही.

दर गुरुवारी त्या माझ्या ओसरीवर येत. पुस्तकात खूण केलेली ओळ मोठ्याने वाचून दाखवावी असं माणूस मला आयुष्यात पहिल्यांदा मिळालं होतं. खरं कळलं तर बाई पुन्हा त्या घरात पाऊल टाकणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. म्हणून पत्र पडून राहिलं.

कमरेचं हाड मोडलं म्हणून बाई उपचाराला मिनेसोटाला गेल्या, पण त्यांचं नाव हजेरीत होतं. सलग सहा महिने तुकडा पडून राहिला की घराची पाण्याची पाळी जाते. त्या गेल्यापासून पाच महिने त्यांच्या नावाला पाटाच्या वळणाखालून "हजर" असा आवाज येत होता. मी वर पाटाच्या तोंडाशी बसतो, खालचं दिसत नाही, आवाजही ओळखू येत नाही. आर्मिहोसने गडी लावला असेल, असं मी धरून चाललो. या शनिवारी गुळाचं पाणी द्यायला म्हणून खाली उतरलो, तर बाईंच्या तुकड्यात एर्मेलिंडा.

"हा तुकडा तुझा नाही," मी म्हणालो.

"माझा करून झाला. हा गोरीचा."

"आर्मिहोस पैसे देतो का?"

"आर्मिहोस!" ती मोठ्याने हसली. "तो सख्ख्या आईला मीठ मोजून देईल. अहो मास्तर, माझ्या लेकीच्या, रोसाउराच्या बाळंतपणात दोन महिने माझा तुकडा कुणी केला? गोरीनंच ना? पाळी गेली तर ती परत आल्यावर भांडी काय थुंकीनं घासेल?"

"पण ते घर... ते तुझं घर होतं, एर्मेलिंडा."

"होतंच की. अकरा वर्षं." तिने फावडं गाळात रोवलं. "काढून घेतलं आर्मिहोसनं, आणि बोलणी केली तुम्ही. तिनं नुसतं हो म्हटलं. सांगितलं ना तिला?"

"काय?"

"काय म्हणजे? रोसाउराच्या तोंडून काहीतरी निसटलं, तर जायच्या आदल्या दिवशी गोरी काठी टेकत माझ्या दारात. मी म्हटलं, मला तुझी भाषा येत नाही बाई, मास्तरांना पत्र टाकून विचार. शिकलेला माणूस, कागदावर खोटं लिहायचा नाही."

मी गुळाच्या पाण्याचा पेला तिच्यापुढे धरला. म्हणालो, "कळलं तर त्या येणार नाहीत."

"का? कुकुलं बाळ आहे ती? तिचं तिला ठरवू द्या. माझंही तेव्हा तुम्हीच दोघांनी ठरवलंत, मला विचारलंत का?" तिने फावडं उपसलं. "सरका मास्तर, चिखल उडेल."

घरी येऊन मी सहा कागद फाडले. सातव्यावर लिहिलं:

"प्रिय आर्डिसबाई, घर रिकामं नव्हतं. एर्मेलिंडा आणि तिची मुलगी तिथे अकरा वर्षं राहत होत्या. भिंतीवरचा संत त्यांचा होता. तीनशे ही बोलीची सुरुवात होती. ते मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो. तुमचा पाटाचा तुकडा एर्मेलिंडा करते आहे. यायचं की नाही, कुठे राहायचं, ते तुम्ही दोघी ठरवा. भाव करायची वेळ आली तर या वेळी मी बोलेन. गुरुवारी मी घरीच असतो."

शेवटचं वाक्य खोडावं असं वाटलं. राहू दिलं.

सोमवारी पहिल्या बसने शहरात गेलो. पोस्टातल्या बाईने शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात भिरकावलं.

"ते परत काढता येईल का?" मी विचारलं.

"पत्ता चुकलाय?"

"नाही."

"मग?"

मागे रांग खोळंबली होती. मी म्हणालो, "जाऊ द्या."